गोष्टीतला खांदा

मराठी गोष्टीतला खांदा हा अजब अवयव आहे. त्यात गोळी घुसते, सुरा घुसतो, कोयता बसतो, आणि नायक दात-ओठ खात पुढच्या पानावर पळायला मोकळा. लेखकाला नायक जखमी तर हवा असतो, पण कामातून गेलेला नको असतो. मग छाती नको, पोट नको, डोकं नको, असं करत करत तो खांद्यावर येऊन थांबतो.

माझा एक मित्र दिवाळी अंक काढतो. मी तालुक्याच्या गावी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे अपघात विभागात, पंचवीसेक वर्षं काढली आहेत, त्यामुळे मारामारी असलेली कथा आली की तो ती माझ्याकडे पाठवतो. "अगं, एवढं बघून दे, हा माणूस जगेल की नाही?" परवा अशीच एक आली. उसाच्या फडात उचलीच्या पैशांवरून भांडण होतं, मुकादमाचा माणूस विलासच्या डाव्या खांद्यावर कोयता घालतो. विलास पळतो, रात्री नदी पोहून पलीकडे जातो, गुऱ्हाळावरच्या राखणदाराच्या डोक्यात काठी घालून त्याला तासभर बेशुद्ध पाडतो, आणि सकाळी ट्रॅक्टर चालवत गावात येतो. कथा चांगली होती. भाषा चांगली, मुकादम तर डोळ्यांपुढे उभा राहत होता. फक्त विलासला शरीर नव्हतं.

म्हणून म्हटलं, एकदा हे सगळं नीट लिहूनच काढावं.

आधी खांदाच घेऊ. गळ्याखाली जे आडवं हाड हाताला लागतं, ते कॉलरबोन. त्याच्या मागून आणि खालून हाताला रक्त पुरवणारी मोठी धमनी जाते, शेजारी तेवढीच मोठी शीर. त्यांना चिकटून मानेतून निघालेल्या मज्जातंतूंची जुडी जाते, तीच पुढे फाटे फुटत बोटांच्या टोकापर्यंत पोचते. आणि फुप्फुसाचं टोक या हाडाच्या आतल्या भागाच्याही वर दोन-तीन सेंटिमीटर आलेलं असतं, हे तर पुष्कळांना माहीतच नसतं. म्हणजे ज्या जागेला लेखक निर्धोक समजतो, तिथे जीव जाईल, हात कायमचा लुळा पडेल किंवा श्वास कोंडेल असं सगळं एका मुठीएवढ्या जागेत दाटीवाटीने बसलंय. निर्धोक म्हणता येईल असा भाग असतो तो दंडाच्या वरचा, बाहेरचा, मांसल गोलवा. तिथे वरवरचा वार बसून माणूस चालत येऊ शकतो. पण मग तसं लिहावं: किती खोल, कुठल्या अंगाला.

आणि नुसतं कॉलरबोन मोडलं तरी काय होतं? असा पेशंट दारातून आत येतानाच ओळखू येतो. दुखऱ्या हाताचं कोपर त्याने दुसऱ्या हाताच्या तळव्यात धरलेलं असतं, तान्हं मूल धरावं तसं, आणि मान त्या बाजूला कललेली असते. कुणी शिकवलेलं नसतं. हाताचं वजन खाली ओढलं की हाडाची टोकं एकमेकांवर घासतात, म्हणून शरीर आपलं आपण ही सोय करतं. म्हणजे एक हात मोडला की प्रत्यक्षात दोन्ही हात कामातून जातात. हा एवढा तपशील लिहिला तर "असह्य वेदना झाल्या" हे वाक्य लिहावंच लागत नाही. नदी पोहून जाण्याचा विषय तिथेच मिटतो.

जखम लिहिताना बहुतेक जण कुठे लागलं आणि किती रक्त आलं एवढंच ठरवतात. मला वाटतं, खरा प्रश्न पुढचा असतो: आता याला काय करता येणार नाही? गोष्ट तिथून हलते.

त्याआधी कशाने लागलं, हेही बघावं लागतं. धारदार सुरीची जखम सरळ, कडा स्वच्छ. काठीची तशी नसते. पण डोक्यावर काठी बसली तर गंमत होते. कवटीवरची कातडी हाडावर ताणून बसवलेली असते, त्यामुळे काठीखाली ती फाटते ती चक्क चिरल्यासारखी सरळ. गावाकडे याला खोक पडली म्हणतात. नवखा डॉक्टरसुद्धा फसतो. भिंगातून पाहिलं तर कडा ठेचलेल्या दिसतात, केसांची मुळं चिरडलेली असतात, आणि जखमेच्या तळाशी या कडेपासून त्या कडेपर्यंत न तुटलेले धागे दिसतात. सुरीने चिरलं तर धागे उरत नाहीत. रहस्यकथा लिहिणाऱ्याने हे एक जपून ठेवावं: साक्षीदार सांगतो तलवार, जखम सांगते दांडकं.

कोयता या दोन्हींच्या मधला. त्याला धार असते आणि वजनही असतं, तो कापतो आणि ठेचतोही. खालचं हाड वाचत नाही. शिवाय कोयता वर उचललेला दिसला की कुठलाही माणूस खांदा पुढे करून उभा राहत नाही. तो हात आडवा घालतो. म्हणून अशा हल्ल्यातल्या जखमा तळहातावर, बोटांवर आणि कोपरापासून करंगळीच्या बाजूने जाणाऱ्या हाडावर सापडतात. त्यांना बचावाच्या जखमा म्हणतात, आणि त्या नसल्या तर पोलीस विचारतात, हा झोपेत होता का, की मारणारा ओळखीचा होता? एका आडव्या हातावरून केवढी गोष्ट निघते बघा.

ठोसे मारणाऱ्याचंही तेच. नायक नुसत्या मुठीने दहा जणांचे जबडे फोडतो. जबडा दणकट असतो, मुठीतलं करंगळीमागचं हाड नाजूक. दुसऱ्या-तिसऱ्या ठोशाला तेच मोडतं, इतकं नेहमीचं आहे की त्याला बॉक्सरचं फ्रॅक्चर असंच नाव आहे. दुसऱ्या दिवशी करंगळीचा उंचवटा बसलेला, पंजा सुजलेला, आणि दातांवर मूठ आपटली असेल तर जखम चिघळण्याची भीती वेगळी; माणसाचं तोंड फार घाण असतं.

आता राखणदाराकडे येऊ, कारण माझी सगळ्यात मोठी तक्रार त्याच्याबद्दल आहे. डोक्यात काठी घालून माणसाला हवा तेवढा वेळ "झोपवता" येतं ही कल्पना कुठून आली देव जाणे. मार बसून शुद्ध हरपली तर ती साधारण काही सेकंद, फार तर मिनिट-दोन मिनिटं हरपते. माणूस जागा होतो तो गोंधळलेला असतो, एकच प्रश्न पाच वेळा विचारतो, ओकतो, आणि मार बसला तो क्षण त्याला आठवतच नाही. तासभर बेशुद्ध म्हणजे मेंदूला गंभीर इजा. आम्ही त्याला लगेच मोठ्या दवाखान्यात हलवतो. शुद्ध किती आहे हे मोजायला ग्लासगोच्या टीझडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ साली एक मोजपट्टी काढली. डोळे कशाने उघडतो, बोलतो कसा, हात-पाय कसे हलवतो, या तिन्हींचे मिळून ३ ते १५ गुण. लेखकालाही ती उपयोगी आहे, कारण शुद्ध म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. मधल्या पायऱ्या असतात: हाक मारली तर डोळे उघडतो पण भलतंच बोलतो, चिमटा काढला तर हात झटकतो पण बोलत नाही.

आणि एक गोष्ट तर लेखकाला फुकट मिळालेला ऐवज आहे. कानशिलाचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक धमनी जाते. तिथे मार बसून हाड तडकलं, धमनी फाटली, तर रक्त कवटी आणि मेंदूच्या वेष्टनाच्या मध्ये साचत जातं. माणूस क्षणभर बेशुद्ध पडतो, उठतो, "काही नाही, जरा गरगरलं" म्हणतो, चहा पितो, घरी जातो. काही तास अगदी धड असतो. मग डोकं ठणकायला लागतं, उलटी होते, झोप येते, एका डोळ्याची बाहुली मोठी होते. वेळेत कवटीला भोक पाडून रक्त काढलं नाही तर सकाळ दिसत नाही. मी त्या लेखकाला फोनवर म्हटलं, तुमचा राखणदार लगेच उठून बसू दे, विलासला शिव्या देऊ दे, हसू दे. विलास गेल्यावर पहाटे जे व्हायचं ते होईल. त्याला खून करायचा नव्हता आणि तो झाला, हे त्याला चार दिवसांनी कळेल. पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "मॅडम, म्हणजे माझी कथा बदलली."

रक्ताबद्दल दोन आकडे लक्षात ठेवले तरी पुरे. मोठ्या माणसाच्या अंगात पाचेक लिटर रक्त असतं, म्हणजे दुधाच्या एक लिटरच्या पाच पिशव्या. रक्तदानात आपण ३५० किंवा ४५० मिलिलिटर देतो आणि बिस्कीट खाऊन घरी जातो. साधारण पाऊण लिटरपर्यंत गेलं तर धडधाकट माणसाच्या चेहऱ्यावर फारसं दिसत नाही. त्यापुढे दीड लिटरपर्यंत नाडी शंभराच्या वर, अंग गार, चित्त अस्वस्थ. आणखी गेलं की रक्तदाब कोसळतो, माणूस बरळतो. दोन लिटरच्या पुढे वेळ मिनिटांत मोजायचा. उलट फरशीवर चहाच्या कपभर रक्त सांडलं तरी खून झाल्यासारखं दिसतं. डोक्याच्या कातडीची खोक तर घाबरवून टाकते, कारण तिथल्या रक्तवाहिन्या चिवट थरात अडकलेल्या असतात, तुटल्यावर आखडून बंद होऊ शकत नाहीत. चेहरा, शर्ट, सगळं लाल. आणि सात टाके घालून पेशंट घरी.

खरं भय असतं ते न दिसणाऱ्या रक्ताचं. मराठीत यासाठी असा एक शब्द आहे की मला तो पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही शब्दापेक्षा आवडतो: मुका मार. बाहेरून काही बोलत नाही. बैलाने ढुशी दिली, मोटारसायकलचं हँडल पोटात घुसलं, वर साधा ओरखडा. आत प्लीहा फाटलेली. मांडीचं हाड मोडलं तर लिटर-दीड लिटर रक्त मांडीतल्या मांडीत साचतं, एक थेंब बाहेर न येता. असा माणूस ओरडत नाही. तो पांढराफटक पडतो, कपाळावर गार घाम, उगाच उठून बसायला बघतो, आणि पाणी मागतो. जुन्या गोष्टींतले मरणारे शिपाई "पाणी, पाणी" करतात ना, ते शंभर टक्के खरं आहे. रक्त गेलं की तहान लागतेच. ओरडणाऱ्यापेक्षा गप्प पडलेल्याकडे आधी बघ, हे कॅज्युअल्टीतल्या पहिल्याच आठवड्यात सिस्टरने शिकवलेलं.

मरणाऱ्याची भाषणं मात्र खरी नसतात. छातीत वार बसलेला माणूस संपत्तीची वाटणी, लपवलेल्या कागदपत्रांची जागा आणि मुलाला उपदेश असं सलग बोलूच शकत नाही. दम किती लागलाय हे आम्ही यंत्राआधी यावरूनच ठरवतो: पेशंट एका श्वासात वाक्य पुरं करतो का? नाही केलं तर किती शब्द? दोन शब्द, श्वास. एक शब्द, दोन श्वास. संवाद लिहिणाऱ्याला याहून चांगलं साधन काय हवं! "कपाटाच्या..." आणि श्वास. "...मागं." त्यात भाषणापेक्षा जास्त जीव आहे.

आता दुखण्याकडे. इथे आपण मराठी लिहिणारे करंटे आहोत, कारण घरात खजिना असताना उसनं आणतो. "तीव्र वेदनेने तो विव्हळला." कुठली वेदना? ठणका लागतो तो नाडीच्या तालावर, आत रक्त किंवा पू साचलं की. ठसठसतं ते पिकायला लागलेलं गळू. कळ येते आणि जाते, पोटात, बाळंतपणात. सणक एका रेषेत धावते, कमरेतून पोटरीपर्यंत. चमक भरते, उसण भरते, आणि मग श्वास अर्ध्यावर अडतो. काटा सलतो. खरचटलेलं चुरचुरतं, त्यावर आयोडीन झोंबतं. भाजलेल्याची आग होते. दाबलेल्या नसेने मुंग्या येतात. पेशंट अडाणी असो की शिकलेला, "ठणकतंय" म्हणाला की मला अर्धं निदान कळतं. बरगडी मोडली तर दुखणं हे क्रियापदच अपुरं; खोकला, शिंक आणि हसू यांची धास्ती बसते. मित्राने विनोद केला आणि नायक म्हणाला, "हसवू नको रे," तर बरगडी मोडल्याचं वाचकाच्या अंगात भिनतं.

भाजण्याबद्दल एकच सांगते, कारण ते फार जणी लिहितात आणि फार चुकीचं लिहितात. वरवर भाजलेलं भयंकर दुखतं. खोल भाजलं तर तिथले मज्जातंतूच जळालेले असतात, ती जागा दुखत नाही. म्हणून नव्वद टक्के भाजलेली बाई काही तास शुद्धीवर असते, नीट बोलते, नातेवाइकांना वाटतं ही वाचणार. तिचा जबाब त्याच तासांत घेतला जातो. मी त्या खोलीत पुष्कळदा उभी राहिले आहे. पडद्याच्या अलीकडे सासू आणि पलीकडे तहसीलदार, आणि ती विचारते, "धाकट्याला दूध दिलं का?" हे रंगवावं लागत नाही.

आणि दुखणं मार बसताक्षणीच सुरू होतं असंही नाही. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरने गंभीर जखमी सैनिकांना विचारलं, दुखतंय का, औषध हवंय का? सुमारे पाऊण लोक नको म्हणाले. त्याने ते १९४६ साली छापलं. त्याचं म्हणणं असं की सैनिकाला जखम म्हणजे लढाईतून सुटका. तेवढीच जखम शांत गावातल्या माणसाला झाली तर तो कळवळतो. दुखणं नुसत्या मांसात नसतं, त्याचा अर्थ काय लागतो त्यातही असतं.

माझंच सांगते. पावसाळ्यात स्कूटर घसरली, हात टेकला, उठले, स्कूटर उभी केली, मागे सांडलेली भाजी गोळा केली. टोमॅटो मोजल्याचंही आठवतं. मग मनगटाकडे लक्ष गेलं. ते जेवायचा काटा-चमचा टेबलावर पालथा ठेवावा तसं वाकलं होतं. आयुष्यात शेकडो वेळा दुसऱ्याचं पाहिलेलं फ्रॅक्चर. १८१४ साली डब्लिनच्या कोलिसने वर्णन केलं, त्याचं नाव आजही चालतं. ते दिसल्यावर दुखायला लागलं, त्याआधी नाही. पुढचे सहा आठवडे प्लास्टर. दुखणं चार-पाच दिवसांत आवाक्यात आलं. ज्याने रडवलं ते वेगळंच होतं: एका हाताने वेणी घालता येत नाही, लिंबू पिळता येत नाही, सलवारीची नाडी बांधता येत नाही. पन्नाशी उलटलेल्या बाईने रोज सकाळी नाडीची दोन टोकं धरून सुनेला हाक मारायची, हे कुठल्याही पुस्तकात दिलेलं नव्हतं.

भीतीचं शरीर वेगळं, पण तेही तितकंच नेमकं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या ॲड्रेनालिन सोडतात. रक्त कातडीतून आणि आतड्यांतून काढून मोठ्या स्नायूंकडे वळवलं जातं, लढा किंवा पळा. वॉल्टर कॅनन या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे मांडलं; आपल्या आज्यांनी त्याच्या कितीतरी आधी. हातपाय गार पडले: कातडीतलं रक्त गेलं. तोंडचं पाणी पळालं: लाळ आटली. पोटात गोळा आला: आतडी थांबली. अंगावर काटा आला: केसांच्या मुळाशी असलेले बारके स्नायू आखडले. बोबडी वळली, पाय खिळले. सगळं जसंच्या तसं. अडचण एवढीच की हे वाक्प्रचार वापरून वापरून गुळगुळीत झालेत, वाचकाच्या अंगाला लागत नाहीत. मग वाक्प्रचार सोडावा आणि त्यातली गोष्ट उचलावी. तोंडचं पाणी पळालेला माणूस "नाही" म्हणायला जातो आणि जीभ टाळूला चिकटते, ओठ चटकन आवाज करतो. बारीक कामं बिघडतात: किल्ली कुलपात जात नाही, मोबाइलवर बोट भलतीकडेच पडतं. नजर अरुंद होते. समोरच्याच्या हातातलं हत्यार गंज लागलेल्या ठिपक्यासह आठवतं, चेहरा आठवत नाही. साक्षीदार खोटं बोलत नसतो, त्याने पाहिलेलंच नसतं. आणि कंप सुटतो तो बहुतेक वेळा धोका टळल्यावर, सुरक्षित घरात, हातातला पाण्याचा पेला दातांवर आपटतो तेव्हा.

धमकी लिहायला मार लागतच नाही, वाचकाच्या अंगात स्वतःचं शरीर असतं तेच पुरतं. सावकार गादीवर बसलाय. समोर कर्जदार, त्याचा हात वहीवर, अंगठ्यासाठी शाई लावलेला. सावकार अडकित्त्यात सुपारी धरतो. कट्. खांड पानावर ठेवतो. दुसरी धरतो, आणि कातरण्याआधी एकदा त्या अंगठ्याकडे बघतो. "घाई नाही," म्हणतो. सुपारी किती टणक असते हे आपल्याला ठाऊक आहे. बोट तेवढं टणक नसतं हेही. गणित वाचक करतो, लेखकाने करायचं नाही.

साप चावण्याबद्दल थोडक्यात, कारण ग्रामीण कथेत तो हटकून येतो. चोखून विष निघत नाही. करकचून बांधलं तर हातच जातो. आणि सगळे साप सारखे नव्हेत. घोणस चावली तर अंग सुजतं, हिरड्यांतून रक्त येतं, मूत्रपिंडं बिघडतात. मण्यार मात्र रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, ना सूज ना फारसं दुखणं. पहाटे पोटात दुखतं म्हणून माणूस उठतो, आई ओवा देते. पापण्या जड होतात, तिला वाटतं झोप उतरली नाही. मग थुंकी गिळता येत नाही. भुताच्या कथा लिहिण्यापेक्षा ही लिहावी.

राहिली काळाची बाजू, जी लेखक हमखास विसरतात. जखमेला पंचांग असतं. ठोशाने आलेला काळा डोळा आधी लाल-जांभळा, पाच-सहा दिवसांनी हिरवट, मग पिवळा, दोन आठवड्यांत साफ, कारण साकळलेलं रक्त टप्प्याटप्प्याने विरघळतं. तो जागाही बदलतो: कपाळावर मार बसला आणि दुसऱ्या दिवशी डोळ्याखाली काळं आलं, कारण रक्त खाली उतरतं. सासरी "कपाट लागलं" असं काल घडलं म्हणून सांगणाऱ्या सुनेच्या दंडावर तीन रंगांचे वळ असतील, तर डॉक्टरला काल, परवा आणि मागचा आठवडा एकदम दिसतो. हाड दीड-दोन महिने मागतं, मांडीचं तीन-चार. कायद्यालाही तारखांचं पडलेलं असतं. जुन्या दंड संहितेच्या कलम ३२० मध्ये गंभीर दुखापतीचे आठ प्रकार होते, त्यात हाड किंवा दात मोडणं होतं, आणि वीस दिवस नेहमीची कामं करता न येणंही. १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेत ते पंधरा दिवस झाले. म्हणजे कथेतल्या भांडणात एक दात पडला की प्रकरण साधं राहत नाही. दवाखान्यात दाखल्यावर "साधी" लिहावी म्हणून एक पार्टी आणि "गंभीर" लिहावी म्हणून दुसरी, अशा दोन्ही पार्ट्या डॉक्टरच्या दारात उभ्या राहतात. त्यावर अजून कुणी कथा का लिहिली नाही कळत नाही.

आणि काही जखमांचं पंचांग संपतच नाही. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर महादजी शिंद्यांच्या पायावर घाव बसला. राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांना उचलून आणलं म्हणून ते जगले. पुढे तेहतीस वर्षं, दिल्लीवर जरब बसवतानाही, ते लंगडतच चालले. १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडीला वारले तेव्हाही तो पाय तसाच होता. राणेखानाला त्यांनी भाऊ मानून मोठं केलं. इतिहासात लढाई एका दिवसात संपते, पाय संपत नाही. महादजींवर लिहिताना मी पहिलं वाक्य पानिपताचं लिहिणार नाही, पावसाळ्यातल्या एखाद्या सकाळचं लिहीन, घोड्यावर चढताना कुठला पाय आधी टाकायचा याचं.

तर विलास. महिनाभराने कथा दुरुस्त होऊन आली. कोयता आता आडव्या घातलेल्या डाव्या हातावर बसतो. नदी गेली, तो पुलावरून जातो, कोपर तळव्यात धरून. ट्रॅक्टर गेला, चढायलाच दोन हात लागतात. राखणदाराचं मी सांगितलं तसं झालंय, नव्हे, त्याहून बरं. आणि शेवट पूर्ण नवा आहे. प्लास्टर घातलेला विलास घरी लपलाय, पाचवा दिवस, आई पाण्याला गेलेली. बाहेर जीप थांबल्याचा आवाज येतो. तो पायजम्याच्या नाडीची दोन टोकं उजव्या मुठीत धरून दारामागे उभा आहे, गाठ काही बसत नाही. अंगणात धाकटा भाऊ बैलाला पाणी दाखवतोय. वाटणीवरून दोघांत दोन वर्षं बोलणं नाही.

"दत्ता," विलास हाक मारतो, "जरा आत ये."